नाशकात पोराला फुटबॉल ॲकॅडमीत घालताय? मग आधी हे बघून घ्या

परीक्षा संपल्या की गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत समर कॅम्पचे फ्लेक्स लागतात आणि मग विचारणा सुरू होते, सर कोणती ॲकॅडमी चांगली, फी किती, ट्रायल कधी असते, आमचा अथर्व खूप फास्ट आहे त्याचं काही होईल का. लहान पोरांना फुटबॉल शिकवतो त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. फ्लेक्स बघू नका, सेशन बघा. न कळवता एखाद्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी मैदानावर जाऊन कडेला उभे राहा, तुमच्या पोराच्या वयाच्या ग्रुपमधलं एक पोरगं निवडा, सगळ्यात चांगलं खेळणारं नको, मधलं कुणीतरी, आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघत मोजा की त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागला.

समजा पंधरा पोरं एका रांगेत उभी आहेत, पुढे प्लॅस्टिकचे कोन लावलेत, एकेकाने कोनमधून बॉल काढायचा आणि शॉट मारायचा. एकाला वीस सेकंद धरा, म्हणजे नंबर पाच मिनिटांनी येणार, म्हणजे तुमच्या दहा मिनिटांत त्या पोराचे दोन शॉट झाले आणि उरलेला सगळा वेळ तो पुढच्याच्या टीशर्टला चिमटे काढत उभा होता. तेच पलीकडच्या मैदानावर कोचने आठ पोरं घेऊन चार विरुद्ध चार लावलंय, छोटे गोल, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत, तर तिथलं तेच मधलं पोरगं दहा मिनिटांत कितीतरी वेळा बॉलला लागेल, चुकेल, हिसकावून घेईल, परत चुकेल. फुटबॉल असाच शिकला जातो. बॉल पायाला लागल्याशिवाय काही येत नाही, मग कोच कितीही मोठा असू दे आणि जर्सीवर कोणाचाही लोगो असू दे.

बाकीचंही तिथंच दिसतं. बॉल किती आहेत ते बघा, दोन पोरांत एक तरी हवाच, लहानांना तर प्रत्येकी एक. कोच पूर्ण वेळ शिट्टी मारून खेळ थांबवतोय का, चूक झाली की ओरडतोय की जवळ जाऊन विचारतोय, 'तुला डावीकडचा दिसला होता का?' कमजोर पोरं सारखी बेंचवर बसलेली असतात का. सेशन संपताना पोरांचे चेहरे कसे असतात. हे बघून झालं की मग कोचशी बोला आणि सरळ विचारा की लायसन्स कोणतं आहे (आपल्या फेडरेशनचं डी लायसन्स, त्याच्या वर एएफसीचं, म्हणजे आशियाच्या फुटबॉल संघटनेचं, सी, बी, ए असं चढत जातं), एका कोचमागे किती पोरं, फर्स्ट एड बॉक्स कुठेय, आणि वर्षात मॅचेस किती होतात. शेवटचा प्रश्न विसरू नका. नुसती प्रॅक्टिस आणि मॅच नाही म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचल्यासारखं आहे. आणि चांगल्या कोचला हे प्रश्न आवडतात, जो चिडतो त्याच्याकडे पोरगं ठेवू नका.

आता ॲकॅडमी या शब्दाखाली काय काय येतं ते थोडं समजून घ्या कारण गोंधळ इथेच होतो. बाहेरच्या मोठ्या क्लबांची ॲकॅडमी ही क्लबचीच असते, क्लब खर्च करतो, क्लबच पोरं शोधून आणतो, कारण उद्या तीच पोरं पहिल्या टीममध्ये खेळणार असतात किंवा विकली जाणार असतात. बार्सिलोनाची ला मासिया १९७९ मध्ये एका जुन्या शेतघरात सुरू झाली, आणि २०१० च्या बॅलन डी'ओरला, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला, पहिले तिघेही तिथलेच होते, मेस्सी, इनिएस्ता, झावी. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचं पण तसंच, पिढ्यानपिढ्या स्वतःची पोरं घडवून वर आणायची. इंग्लंडमध्ये २०१२ पासून प्रीमियर लीगने सगळ्या ॲकॅडम्यांची कॅटेगरी ठरवून टाकली, एक ते चार, आणि पोरांचे टप्पे पाडले, साधारण अकरापर्यंत एक, बारा ते सोळा दुसरा, सतरापासून तिसरा, प्रत्येक टप्प्याला कोच वेगळा आणि अपेक्षा वेगळ्या.

आपल्याकडे बोर्डावर ॲकॅडमी लिहिलेलं असतं पण बहुतेक ठिकाणी ते महिन्याची फी घेऊन चालणारं कोचिंग असतं. यात वाईट काहीच नाही, उलट नाशकातली निम्म्याहून जास्त पोरं फुटबॉलला लागली ती अशाच ठिकाणी, फक्त तुम्ही काय विकत घेताय ते माहीत हवं. फी भरली म्हणजे सिलेक्शन झालं असं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे खरोखरच्या निवासी ॲकॅडम्या जिथे पोरं निवडून घेतात आणि राहणं, खाणं, शाळा त्यांच्याकडेच असते, जशी जमशेदपूरची टाटा फुटबॉल ॲकॅडमी १९८७ पासून आहे, किंवा नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स, २०१५ ला सुरू झालेली, तिथे पूर्ण स्कॉलरशिप असते. आणि तिसरा म्हणजे सरकारी क्रीडा प्रबोधिनी, पोरांना ठेवून घेऊन खेळ शिकवणारी राज्य सरकारची संस्था, जी लोक विसरूनच जातात. २०१७ ला आपल्या देशात सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप झाला त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन या वर्षी कोणत्या खेळाच्या चाचण्या कुठे आहेत एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

वयाचं बोलू. आठ-नऊ वर्षांपर्यंत पोराला फक्त बॉल आवडला पाहिजे, बाकी काही नको. तीन नंबरचा बॉल द्या, छोटं मैदान, कमी पोरं, आणि बाकीचे खेळही खेळू द्या, लंगडी, खो-खो, पकडापकडी, झाडावर चढणं, सगळं. खो-खोमध्ये जो पोरगा खांब मारतो आणि झटकन दिशा बदलतो त्याचा बॅलन्स फुटबॉलमध्ये आपोआप दिसतो. या वयात फक्त फुटबॉल एके फुटबॉल करणारी पोरं तेरा-चौदाला कंटाळून सोडतात हे मी खूप बघितलंय.

नऊ ते बारा हा माझ्या मते सोन्यासारखा काळ, कारण शरीर अजून हलकं असतं, डोकं पटकन उचलतं, आणि पायाला लागलेली सवय मग जात नाही. चार नंबरचा बॉल, सात विरुद्ध सात किंवा त्याहून कमी. दोन्ही पाय. इथे मी खूप हट्टी आहे. उजव्या पायाच्या पोराला डाव्या पायाने पास द्यायला लावला की तो रडकुंडीला येतो, आईलाही वाटतं सर उगाच त्रास देतायत, पण बारानंतर हे शिकवायला तिप्पट वेळ जातो. घरी भिंत असेल तर दिवसातून पंधरा मिनिटं भिंतीवर पास, एकदा उजवा एकदा डावा, बॉल परत आला की तो तळव्याने दाबायचा नाही, पायाच्या आतल्या बाजूने थोडा पुढे काढून थांबवायचा, म्हणजे पुढचा पास तयार असतो. हा फर्स्ट टच. खालच्या मजल्यावरचे काका ओरडतात तर दुपारी चार ते पाच वेळ ठरवून घ्या आणि काकांना आधी सांगून ठेवा, ऐकतात.

या वयात जागा पक्की करू नका. उंच आहे म्हणून डिफेन्सला आणि बारीक आहे म्हणून विंगला, असं नको. महिनाभर मागे खेळू दे, महिनाभर मध्ये, एखाद-दोन मॅच गोलकीपर पण. आणि बॉल डोक्याने मारायचं शिकवायची घाई करू नका, इंग्लंडमध्ये २०२० पासून अकरा वर्षांखालच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेडिंग शिकवूच नका असं त्यांच्या फेडरेशनने सांगितलंय, आपल्याकडे तर बरेचदा जुना पाण्याने जड झालेला बॉल असतो, मग तर अजिबातच नको.

आता बारा ते पंधरा. सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात आणि बहुतेक वेळा त्यात पोराचा काही दोष नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुली साधारण बाराच्या आसपास आणि मुलं चौदाच्या आसपास सगळ्यात वेगाने उंच होतात, पण हे सरासरी झालं, एखादा साडेबाराला उंच होतो आणि एखादा सोळाला. चौदा वर्षांखालच्या टीममध्ये मिशी फुटलेला पोरगा आणि आवाजही न फुटलेला पोरगा समोरासमोर असतात, दोघांचं जन्मवर्ष एकच, आणि आपण म्हणतो हा भारी आहे, तो कच्चा आहे. त्यात वयाची मोजणी १ जानेवारीपासून होते, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, जवळजवळ वर्षाचा फरक. जगभर अभ्यास झालेत यावर, ॲकॅडम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त भरलेली असतात. तुमचा पोरगा ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल आणि कोच म्हणत असेल की ताकद कमी आहे, तर कोचला त्याची जन्मतारीख शांतपणे आठवण करून द्या.

फ्रान्सच्या ग्रीझमनला लहान आहे, बारीक आहे म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी घेतलं नाही, शेवटी स्पेनच्या रेआल सोसिएदादने घेतलं आणि २०१८ ला तो वर्ल्डकप जिंकला. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन, त्याला आर्सेनल क्लबने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. चौदाव्या वर्षी कोण उंच आहे यावरून एकविसाव्या वर्षी कोण खेळेल हे कळत नाही, एवढंच.

मग पालकांनी काय करायचं? दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलने उंचीची खूण करा, तारीख लिहा. एकदम उंची वाढायला लागली की पुढचे काही महिने पोरगा थोडा वेंधळा होतो, टच जातो, पाय पायात अडकतात, स्वतःवर चिडतो. त्याला सांगा की हे होतं आणि जातं. याच काळात गुडघ्याच्या खाली पुढच्या हाडावर टेंगूळ आल्यासारखं दुखतं किंवा टाचेत दुखतं, सकाळी उठल्यावर आणि मॅचनंतर जास्त. वाढणाऱ्या हाडाला स्नायू ओढतात म्हणून ते दुखतं, आणि त्याच्यावर उपाय म्हणजे काही दिवस उड्या-धावणं कमी, बर्फ, स्ट्रेचिंग, आणि ऑर्थोला किंवा स्पोर्ट्स फिजिओला दाखवणं. पेनकिलर देऊन मॅचला उतरवायचं नाही, कुठलीही जिल्हा फायनल असली तरी नाही.

वॉर्मअपबद्दल पण इथेच सांगून टाकतो. फिफाचा अकरा प्लस किड्स नावाचा वॉर्मअप आहे, सात ते तेरा वयासाठी, एका पायावर उभं राहणं, उडी मारून नीट उतरणं, पडताना लोळण कशी घ्यायची असलं सगळं, पंधरा-वीस मिनिटांचा, फुकट मिळतो, आणि तो नियमित केला तर दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असं अभ्यासात दिसलंय. तुमच्या ॲकॅडमीत वॉर्मअप म्हणजे मैदानाला राऊंड मारणं असेल तर कोचला हा दाखवा.

राऊंडचं आपल्या नाशकात जरा जास्तच आहे, आणि त्याचं कारण चांगलं आहे. सावरपाड्याची कविता राऊत इथल्याच मातीत पळून मोठी झाली, २०१० च्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये मेडल आणलं, तिच्यानंतर कितीतरी पोरं-पोरी लांब पल्ल्याला लागली. त्यामुळे स्टॅमिना म्हटलं की आपल्याला राऊंडच आठवतात. पण फुटबॉलमध्ये पोरगा एका वेगाने पळत नाही, तो चालतो, थांबतो, एकदम दहा मीटर सुटतो, वळतो, परत थांबतो. हा स्टॅमिना छोट्या मैदानावरच्या तीन विरुद्ध तीनमध्ये येतो, आणि तो आणताना बॉल पण पायाला लागतो. बारा वर्षांच्या पोराचे वीस मिनिटं राऊंडमध्ये घालवले म्हणजे ती वीस मिनिटं बॉलपासून चोरली.

आपलं हवामान आणि मैदान धरून वर्ष आखायला लागतं. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या मैदानात पाय रुततो, बूट दोन किलोचा होतो, पोरं घसरतात, मग या महिन्यांत टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, आठवड्याला दोन दिवस घ्या, दहा-बारा पालक मिळून भाडं वाटून घेतात ते परवडतं. टर्फवर लांब स्टडचे बूट घालू देऊ नका, पाय अडकून गुडघा पिरगळतो, लहान रबरी स्टडचे टर्फ शूज वेगळे येतात. ऑक्टोबरनंतर तीच माती वाळून दगडासारखी होते, तिथे पण लहान स्टडच बरे. बूट पुढच्या वर्षी पण चालतील म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, फर्स्ट टचची वाट लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला खरा सीझन, हवा मस्त, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला नाशकात कडाक्याची थंडी असते, थंड स्नायूंनी लगेच शॉट मारायला लावू नका. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत संपवा नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. समर कॅम्पमध्ये भर अकराच्या उन्हात उभी केलेली पोरं बघितली की जीव तुटतो.

खाण्याचं फार अवघड करू नका. भाकरी, वरण-भात, उसळ, अंडी, दूध, केळी, शेंगदाण्याचा लाडू, एवढ्यात सगळं येतं. प्रॅक्टिसच्या दोन तास आधी नीट जेवण, अर्धा तास आधी एक केळं, नंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात. रविवारी सकाळी मॅच असेल तर मिसळ मॅचनंतर. प्रोटीन पावडरचे डबे कोच विकत असेल तर ती ॲकॅडमी सोडा. आणि झोप, नऊ तास, फोन खोलीबाहेर.

आता पुढची वाट. आपल्या राज्याची फुटबॉल संघटना विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), तिच्याखाली जिल्हा संघटना, वर देशाची एआयएफएफ (ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन). पोराचं एआयएफएफच्या ऑनलाइन सिस्टीमवर रजिस्ट्रेशन व्हायला लागतं आणि ते क्लबमार्फत होतं, त्यामुळे ॲकॅडमीला विचारा की तुम्ही कोणत्या क्लबच्या नावाने पोरांची नोंदणी करता आणि त्याची प्रिंट आम्हाला द्याल का. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, तिन्हीवर नाव, आडनाव, तारीख एकसारखी आहे का ते आजच काढून बघा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे, एका ठिकाणी नाही, एवढ्यावरून ऐन वेळी पोरं बाहेर बसतात. आणि वय कमी दाखवायचा सल्ला कोणी देत असेल, अगदी कोच असला तरी, नाही म्हणा. वर गेल्यावर हाडांच्या तपासणीत कळतं आणि बंदी येते, शिवाय पोराला लहान पोरांना हरवायची सवय लागते ती वेगळीच.

शाळेची वाट पण सोडू नका. सुब्रतो कप १९६० पासून चालतो, शाळांच्या टीमचा, सबज्युनियर मुलं आणि सतरा वर्षांखालची मुलं-मुली, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि राज्य जिंकलं की थेट देशपातळीवर. शिवाय शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा, एकोणीस अशा गटांत असतात. यातली सर्टिफिकेटं जपून ठेवा, लॅमिनेट करू नका पण, फाईलमध्ये ठेवा, कारण दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण याच कागदांवर मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे त्यालाही पात्रतेची ठरलेली सर्टिफिकेटं लागतात. सुनील छेत्री पण शाळेच्या टीममधून सुब्रतो कप खेळलेला आहे.

इथे नाशकात छोटे क्लब चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, पालकांनी पण वाचा. फिफाच्या नियमात आहे की खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन ट्रान्सफर झाला तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे, कोणाकडे किती वर्षं होता त्या हिशोबाने. २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून, म्हणजे या पैशांचा हिशोब करून वाटप करणाऱ्या संस्थेमधून जातात. पण हे मिळतं कोणाला, ज्याच्याकडे त्या वर्षांची नोंदणी आहे त्याला. आपण पोरांना पाच-पाच वर्षं शिकवतो आणि रजिस्ट्रेशनच करत नाही, मग तेरा ते सोळा या वयाचा कागदच नसतो. आपल्या गावातून असा खेळाडू उद्या निघेल न निघेल, पण नोंद करायला काय हरकत आहे, आणि एकाच नियमित क्लबकडे नोंद असली की पोराची पण ओळख तयार होते.

ट्रायलबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात. तेरा-चौदाच्या आधी मुंबई-पुण्याच्या ट्रायलला पळायची गरज नसते, तोपर्यंत इथेच भरपूर खेळू द्या. जायचं ठरलं तर आदल्या दिवशी पोहोचा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने उतरून थेट मैदानात उभं केलेलं पोरगं अर्धं झोपेत असतं, आणि गाडी लेट झाली की संपलं. नवे बूट घालून जाऊ नका. डबा आणि पाणी स्वतःचं. पोराला एवढंच सांगा की बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघ. निवडणारे लोक नुसते गोल मोजत नाहीत, बॉल पायात यायच्या आधी पोराने आजूबाजूला बघितलं का, पहिला टच मोकळ्या जागेकडे गेला का, बॉल गेल्यावर डोक्याला हात लावून उभा राहिला की लगेच मागे पळाला, हे बघतात. झावी सगळ्यांत जास्त मान फिरवून बघायचा, त्याचे व्हिडिओ दाखवा, बॉलकडे नको, फक्त त्याच्या मानेकडे बघायला सांगा. चारपाच मॅचनंतर पोरगा स्वतः करायला लागतो.

ट्रायलला थोडी नोंदणी फी असणं समजू शकतो, पण सिलेक्शन झालंय आता इतके लाख भरा, पोराला स्पेनला, पोर्तुगालला पाठवतो, तिथल्या क्लबशी आमचं टायअप आहे, असं कोणी म्हटलं तर खुर्चीवरून उठा. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबला बदली मोजके अपवाद सोडले तर होतच नाही. फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने आई-वडील तिथे राहायला गेले असं काही असेल तर वेगळं. म्हणजे तुमचा चौदा वर्षांचा पोरगा तिथे जाऊन फोटो काढेल, बाहेरच्या पोरांसाठीच ठेवलेल्या कॅम्पमध्ये खेळेल आणि परत येईल. फिरायला म्हणून पाठवायचं असेल तर पाठवा, करिअर म्हणून कर्ज काढून नको, दागिने मोडून तर नकोच. एजंट म्हणवणाऱ्याला फिफाचं लायसन्स विचारा, आणि हेही लक्षात ठेवा की लायसन्सवाल्या एजंटला पण पोराच्या पहिल्या प्रोफेशनल कराराच्या वयाला सहा महिने राहिलेत तोपर्यंत त्याच्याशी बोलायला यायची परवानगी नाही. बारा वर्षांच्या पोरामागे फिरणारा एजंट हा एजंट नाहीच.

निवासी ॲकॅडमीत सिलेक्शन झालं, खरं झालं, पेढे वाटले, तरी सही करायच्या आधी एक दिवस तिथे जाऊन या. खोल्या बघा, जेवण स्वतः जेवा, शाळा कोणती आणि पोरं खरंच शाळेत जातात का ते विचारा, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, वर्षानंतर सोडलं तर शाळेचं काय, घरी फोन किती वेळा आणि एकट्याने बोलू देतात का. रात्री होस्टेलला कोण असतं. तक्रार करायची तर कोणाकडे, नाव काय त्या माणसाचं. हे विचारायला संकोच वाटतो आपल्याला, मोठी संस्था आहे, काय म्हणतील, पण लहान पोरं परक्यांच्या भरवशावर ठेवायची तर विचारलंच पाहिजे. इथल्या रोजच्या ॲकॅडमीलाही हेच लागू आहे, कोच पोराला एकट्याला गाडीवर घेऊन जातो, रात्री वैयक्तिक मेसेज करतो, तर ते चालणार नाही असं स्पष्ट सांगा.

मुलींसाठी वेगळं काही नाही आणि बरंच काही आहे. खेळ तोच, कोन तेच, पण मैदानावर स्वच्छ बाथरूम आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, बाहेरगावी मॅचला जाताना बाई सोबत असते का, हे नसेल तर तेराव्या वर्षी पोरगी गप्प सोडून देते आणि घरी सांगते की अभ्यास आहे. २०२२ ला सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप भारतात झाला, नवी मुंबईत पण मॅचेस होत्या, तेव्हापासून विचारणा वाढलीये. ग्रुपमध्ये मुली कमी असतील तर बारापर्यंत मुलांबरोबर बिनधास्त खेळू द्या, फायदाच होतो.

मैदानाच्या कडेला तुमचं काम फक्त टाळ्या वाजवायचं. शूट, पास, मागे जा असं तुम्ही एक ओरडता, कोच दुसरं ओरडतो, पोरगा मध्ये थांबतो आणि बॉल जातो. मॅच हरल्यावर घरी जाताना गाडीवर मॅचबद्दल बोलू नका, तो स्वतः बोलला तर ऐका. आणि आठवीपासून क्लास सुरू झाला की फुटबॉल बंद करायची आपली पद्धत आहे, त्याऐवजी आठवड्याचे तीन दिवस पक्के ठेवा, परीक्षेच्या महिन्यात दोन करा. पूर्ण बंद केलेला पोरगा दहावीनंतर परत येतो तेव्हा बाकीची पोरं दोन वर्षं पुढे गेलेली असतात.

प्रोफेशनल खूप थोडे होतात, इंग्लंडच्या ॲकॅडम्यांत घेतलेल्या पोरांतली पण बहुतेक मध्येच सुटतात, म्हणून सोळा-सतराला पोराशी मोकळं बोला. ज्याच्या पायात तेवढं कसब नाही पण खेळ कळतो त्याला रेफरीच्या कोर्सला घाला, अठरा पूर्ण झाले की डी लायसन्स करता येतं, फिजिओथेरपीला जाता येतं, कॉलेजच्या टीममधून विद्यापीठ खेळता येतं. आपल्या शहरात दहा वर्षांखालच्या पोरांना नीट शिकवणाऱ्या कोचची खूप कमी आहे, रांगेत उभं न करता खेळवणाऱ्या. जो पोरगा तुमच्याकडे दहा वर्षं खेळलाय त्याला शनिवार-रविवार लहानांचा एक ग्रुप देऊन बघा, मानधन द्या, आणि लायसन्सची फी क्लबने भरा.